गजभिये सरांची एकच खाण

गजभिये सरांच्या अंगाला वास यायचा. हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा बोलले आहे, तेव्हा आता ते नसताना लिहायला हरकत नाही. दगडाची पूड पाण्यात कालवून तिच्यातून हवं ते खनिज वेगळं काढायचं तर त्या पाण्यात एक पिवळट औषध घालावं लागतं. कुजलेल्या पत्ताकोबीचा वास येतो त्याला. नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत सरांनी सगळी नोकरी त्या वासात काढली आणि साबणाने त्यांच्यापुढे कधीच हात टेकले होते. शहराच्या कडेला बेसाच्या घरी त्यांच्या पत्नी सुनंदाकाकू त्यांचे शर्ट वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. शेअर ऑटोत सरांच्या शेजारची माणसं आपोआप सरकून बसायची.

"फायदाच आहे ना वं," सर मला म्हणायचे, "पाय पसरून बसाले मिळते."

मी तिथे रसायनतज्ज्ञ म्हणून कंत्राटावर लागले तेव्हा ते विभागप्रमुख होते. ठेंगणी मूर्ती, खिशात पेनाशेजारी भिंग, आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायम काळपट. कारण सरांची जगप्रसिद्ध खोड. मशीन चालू असलं की ते बाही वर सारून हात थेट त्या गढूळ पाण्यात घालायचे, अंगठ्यात आणि बोटात गाळ चोळायचे, आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. मग सांगायचे, "अजून बारीक दळा," किंवा "औषध जास्त झालं." माझी परीक्षणं दुसऱ्या दिवशी तेच सांगायची. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. नंतर मी आधी सरांची बोटं बघायची आणि मग कामाला लागायची.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे सोनं घेऊन येणारी माणसं. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा गडी गावाकडून फडक्यात गुंडाळलेला दगड घेऊन यायचाच. दगडात पिवळे चकचकीत कण. चेहऱ्यावर भीती आणि आनंद एकदम. इतर अधिकारी दारातूनच सांगायचे, "माक्षिक आहे, लोखंड-गंधकाचा दगड, सोनं नाही, जा." सर तसं कधी करत नसत. आधी बसायला खुर्ची, मग चहा, मग गावातल्या पिकाची चौकशी. चहा संपला की पांढरी फरशी काढून तिच्यावर दगड घासायचे. सोन्याची रेघ पिवळी येते, ही हिरवट काळी यायची. माणसाचा चेहरा उतरायचा.

एकदा असाच एक म्हातारा अगदी रडवेला झाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबाजी, सोनं असतं तं काय झालं असतं? लॉकरमंदी पडून राह्यलं असतं. याच्यात गंधक आहे गा. गंधक वावरात जाते, सोयाबीनले तेल आणते. मले विचारशीन तं हेच मोठं."

म्हातारा म्हणाला, "मंग तुम्हीच ठेवा साहेब."

सरांनी तो दगड खरंच ठेवला. त्यांच्या टेबलावर असे दगड इतके झाले होते, की फाईल ठेवायला जागा नव्हती. ते तसं बरंच होतं, कारण फाइली हाच सरांच्या आयुष्यातला सल होता.

आमचं काम असं, की कुठून तरी दगडांची पोती यायची, आम्ही त्यांच्यावर वर्षभर खपायचो, कोणतं औषध किती घालायचं, किती बारीक दळायचं याची कृती बसवायचो आणि जाडजूड अहवाल पाठवायचो. पुढे काय? पुढे काही नाही. कधी भाव पडायचा, कधी जंगलाची परवानगी अडायची, कधी भागीदारांत भांडण. सरांच्या हाताखालून गेलेल्या एकाही दगडाची खाण झाली नाही. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या ज्ञानाची तोंडभर स्तुती केली, आणि सर उत्तराला उभे राहून म्हणाले, "मी आयुष्यभर स्वयंपाक करून राह्यलो, पण पंगतच बसली नाई. मरायच्या आधी एक तरी खाण चालू झालेली पाह्यची आहे मले. एकच." लोक हसले. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते, मला माहीत होतं की ते गंमत करत नव्हते.

ती एक खाण त्यांच्याकडे चालत आली ती उमरेडच्या ठवकरभाऊंच्या रूपाने. ठवकरभाऊंनी कोळशाच्या कंत्राटात जन्म काढला होता. गोरा, आडवा माणूस, मनाने उदार आणि स्वभावाने उतावीळ. त्यांना खैरटोला नावाच्या गावाजवळची एक टेकडी खाणीसाठी मिळाली होती. तिच्या पोटात माक्षिकाचा जाड थर निघाला होता. आपल्याकडे गंधक जहाजाने बाहेरून येतं, ते इथेच काढायचं असं त्यांनी मनावर घेतलं होतं. बेसाच्या घरी येऊन त्यांनी सरांसमोर दगड ठेवला. सरांनी भिंगातून पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. हे सुनंदाकाकूंनी मला नंतर सांगितलं.

"करतो," सर म्हणाले. "पण माही एक अट आहे. ऑफिस अन् राहाच्या खोल्या मी सांगन तिथंच बांधाच्या."

"बांधू ना साहेब. टेकडीवर बांधू, हवा चांगली आहे."

"टेकडीवर नाई. नाल्याच्या खालच्या अंगाले. खाणीच्या खाली."

ठवकरभाऊंना कळेना. कोळशाच्या खाणीवर साहेबलोक नेहमी वरच्या बाजूला राहतात, धूळ आणि घाण खाली. सरांनी त्यांना समजावलं, की माक्षिकाला हवा आणि पाणी लागलं की ते पाणी आंबट होतं, तांबडं होतं, त्यात मासा जगत नाही. खैरटोल्याची विहीर नाल्याच्या खालच्या अंगालाच होती. "गावानं जे पाणी प्याचं तेच आपण प्याचं. आपण वर राह्यलो तं आपल्याले पाणी खराब झालेलं समजनच नाई. समजलं तरी उद्या पाहू म्हणू." ठवकरभाऊंनी मान हलवली, पण नाराजीने. खाणीचं पहिलं पाणी चुन्याच्या हौदातून साफ होऊन नाल्यात उतरलं तेव्हा गावच्या त्या विहिरीच्या पाण्याचा पहिला चहा सरांनी त्यांच्याच हातात दिला. भाऊंनी कपात इतका वेळ पाहिलं की चहावर साय धरली. मग डोळे मिटून एका दमात प्यायले.

"साखर कमी आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून पाण्यावरून वाद झाला नाही.

माझं कंत्राट तेव्हा संपलेलं होतं. सरांनी फोन केला, "काय वं वैशाली, काय करून राह्यली?" मी म्हटलं, काही नाही. "मंग घरी काहून बसली? ये इकडं." मी गेले. नागपूरच्या घरी आई म्हणाली की निवृत्त माणसाच्या नादी लागून तू रानात कशाला जातेस. मला तरी काय ठाऊक होतं. पण सरांना मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. सकाळी सातच्या आत ते टेकडीचा फेरा मारून आलेले असायचे. खाणीतून निघालेला निकामी दगड उघडा पडू द्यायचा नाही, त्यावर मातीचा थर दाबायचा, हा त्यांचा दुसरा हट्ट. त्या मातीवर ते स्वतः नाचून बघायचे, दबली की नाही. साठी ओलांडलेला माणूस ढिगावर नाचतोय आणि डंपरचे ड्रायव्हर टाळ्या वाजवतायत, हे आमच्याकडे रोजचं होतं.

कारखाना छोटाच होता, आधी चाचणीपुरता. दळलेला दगड पाण्यात कालवून मोठ्या पेट्यांत घ्यायचा, खालून हवा सोडायची, आणि ते दुर्गंधी औषध घातलं की माक्षिकाचे कण बुडबुड्यांना धरून फेसासोबत वर येतात, दगड खाली राहतो. तो फेस काढून वाळवायचा आणि हवा लागू न देता बंद भट्टीत तापवायचा, म्हणजे गंधकाची वाफ निघते. लहान लहान चाचण्या उत्तम झाल्या. मग ठवकरभाऊंनी दिवस ठरवला. त्यांचे दोन भागीदार आणि एका खत कारखान्याचे खरेदी अधिकारी कारखाना बघायला येणार होते. भागीदार आधीच कुरकुरत होते. भाऊंनी सरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "साहेब, त्या दिवशी फेस आला तं आपण पुढं जाऊ. नाई आला तं हे लोक हात काढून घेतीन, अन् माह्या एकट्याच्यानं होत नाई. मंग मले कुलूप लावा लागन."

सर उठून पेट्या तपासायला गेले. रात्री जेवले नाहीत एवढं मला आठवतं.

पाहुण्यांना काय काय दाखवायचं याचा त्यांनी फार विचार केला. आदल्या दिवशी त्यांनी एक नवीन पाइप जोडून घेतला. तोवर पेट्यांना बोअरचं पाणी होतं. आता खाणीचं आंबट पाणी चुन्याच्या हौदात साफ व्हायचं आणि तेच पेट्यांत यायचं. म्हणजे बोअरचा थेंब वापरला जात नाही आणि घाण पाण्याचा थेंब बाहेर जात नाही. सर त्या पाइपवरून असा हात फिरवत होते की लेकीच्या लग्नातला मांडव बघतायत.

चाचणीच्या सकाळी सुनंदाकाकूही बेसाहून आल्या. त्यांनी सरांना कडक इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट घालायला लावला आणि बजावलं, "हे पाहा, पाहुण्यांशी हात मिळवाचा आहे. आज कशात हात घालाचा नाई." सर कधी नव्हे ते बायकोच्या शब्दात राहिले.

मशीन सुरू झालं. औषध पडलं. हवा सुटली. फेस आला, पांढराशुभ्र, दुधावरच्या फेसासारखा, आणि अगदी रिकामा. माक्षिक भरलेला फेस काळपट, जड आणि चमकणारा असतो. हा फुंकर मारली तर उडेल असा होता. सरांनी औषध वाढवायला सांगितलं. काही नाही. हवा कमी केली. काही नाही. भागीदार एकमेकांकडे बघायला लागले. खरेदी अधिकारी शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेरची टेकडी बघत होते. सगळं माक्षिक पेट्यांच्या तळाशी बसून दगडाबरोबर वाहून चाललं होतं.

"साहेब," ठवकरभाऊ हळूच म्हणाले, "मी कोळशातच बरा होतो."

सरांचा चेहरा मला बघवेना. तो सोन्याचा दगड घेऊन आलेल्या म्हाताऱ्यासारखा झाला होता. त्यांच्या आयुष्यभराची इच्छा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडत होती. मी काही बोलायला गेले तर त्यांनी मला थांबवलं. पांढरी बाही वर सारायला लागले. काकू मागून म्हणाल्या, "अहो, शर्ट!" पण तोवर हात कोपरापर्यंत आत गेला होता.

अंगठा आणि बोट चोळलं. पुन्हा चोळलं. डोळे मिटले. आणि त्या भरल्या पाहुण्यांत गजभिये सर खदखदून हसायला लागले. मला वाटलं, यांना धक्का बसला.

"बुळबुळीत आहे ना बाप्पा!" ते ओरडले. "चुना! हे आपलंच साफ केलेलं पाणी! वैशाली, पाह्य, चुना आहे याच्यात!"

मला एकदम कळलं आणि मीही हसू लागले. प्रयोगशाळेत तांब्याचे, शिशाचे नमुने यायचे तेव्हा त्यातलं माक्षिक हा कचरा असायचा. तो वर येऊ नये म्हणून पाण्यात चुना घालायचा, की माक्षिक मुकाट्याने खाली बसतं. ही युक्ती सरांनी किती लोकांना शिकवली असेल याची गणती नाही. आणि स्वच्छ पाण्याच्या कौतुकात ते स्वतःच विसरले, की त्या स्वच्छतेत चुना आहे.

"आयुष्यभर याले खाली बसवलं," डोळे पुसत सर पाहुण्यांना म्हणाले, "अन् आज त्याच चुन्याच्या पाण्यात घालून म्हणून राह्यलो, वर ये! कसं येईन गा ते? चूक माही आहे. यंत्राची नाई, दगडाची नाई, भाऊंची नाई. माही. जेवण होईस्तोवर थांबा."

आणि पुढे त्यांनी जे केलं ते मला अजून आवडतं. ते परत बोअरच्या पाण्यावर गेले नाहीत. पेट्या रिकाम्या करवल्या आणि खाणीचं आंबट, तांबडं पाणी, चुना न घालता, सरळ पेट्यांत सोडलं. माक्षिकाला आंबट पाणी मानवतं. चुना आता शेवटी. आधी कारखाना, मग हौद, मग नाला. पाइप उलटे जोडायला चार माणसं लागली आणि सर स्वतः पाना घेऊन त्या पांढऱ्या शर्टात चिखलात उताणे झोपले. काकूंनी कपाळावर हात मारला आणि पाहुण्यांना पाटोडी-रस्सा वाढायला निघून गेल्या.

पाहुणे हात धुऊन परत आले तेव्हा पेटीवर साईसारखा जाड, काळपट फेस चढत होता आणि उन्हात चमकत होता. कडेवरून ओघळत होता. ठवकरभाऊंनी पुढे होऊन फेसात एक बोट घातलं, सरांसारखंच चोळलं, आणि काही न कळून मोठ्याने म्हणाले, "बराबर आहे!" मला रडू आलं. सरांना आलं की नाही ते सांगता येणार नाही, कारण त्यांचं तोंड चिखलाने माखलेलं होतं. पण आपली चूक पाहुण्यांसमोर हसत सांगणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. खरेदी अधिकारी जाताना म्हणाले, की यंत्र तर सगळेच दाखवतात, आम्हाला हा माणूस आवडला.

भट्टी बसायला पुढचा उन्हाळा उजाडला. बंद भट्टीतून वाफ निघाली, गार झाली आणि नळीतून लालसर पिवळा रस गळू लागला. तो ओतायला साचे हवे होते आणि मागवलेले साचे आलेच नव्हते. सर रविवारी काकूंना घेऊन नागपूरच्या इतवारी बाजारात गेले. भांड्यांच्या गल्लीत त्यांनी पाच-सहा दुकानं पालथी घातली आणि इडलीची चांगली जाड स्टीलची पात्रं घेतली. काकू खूश. परतीच्या वाटेवर त्यांनी तांदूळ आणि उडदाची डाळही घेतली. सोमवारी पात्रं खाणीवर. संध्याकाळी आमच्या समोर गंधकाच्या पिवळ्याधमक इडल्या मांडलेल्या होत्या. काकू रागाने बघायला आल्या, एक इडली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चटणी कुठी आहे?" सर लहान मुलासारखे लाजले. पुढे त्यांनी काकूंना नवीन पात्र आणून दिलं, पण ती पहिली इडली काकूंनी देवळीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवून दिली होती, ती अजून तिथेच आहे.

सर त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेले. बेसाच्या घरी, दुपारी, जेवून झोपले ते उठले नाहीत. शेवटचे काही महिने डॉक्टरांनी त्यांचा प्रवास बंद केला होता, तेव्हा आमचं बोलणं फोनवरच. रोज संध्याकाळी फोन यायचा. आधी विहिरीच्या पाण्याची चौकशी, मग फेसाची, मग माझी.

प्रत्यक्ष मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गंधकाची पहिली गाडी निघाली त्या दिवशी. ठवकरभाऊंनी ट्रकला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. गावातली माणसं जमली होती. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि भाऊ सरांना बोलायला सांगणार, तर सर नाहीत. शोधाशोध झाली. ते ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले होते. मांडीवर डबा, पाण्याची बाटली.

"सर, तुम्ही कुठे?" मी खालून विचारलं.

"खताच्या कारखान्यावर. माल उतरलेला पाह्याचा आहे."

"अहो, दिवसभराचा रस्ता आहे. कागद येतील ना तिकडून."

"माहं काम आजवर कागदापाशीच संपे वं," ते म्हणाले. "पुढं काय होते ते मी पाह्यलंच नाई. आता पाहून येतो."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. लोकांनी वाट दिली. नाल्यावरच्या वळणापाशी ट्रक थांबला तेव्हा मला वाटलं, काही विसरले असतील. सरांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, मान मागे वळवून ताडपत्रीखालच्या पोत्यांकडे बराच वेळ पाहिलं, हाताला आला तो दोर ओढून घट्ट आहे की नाही ते बघितलं. मग दारावर दोनदा थाप मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चाल गा."